स्वयंसेवकांच्या हाती आगगाडी: नुसती जपायची, की सुधारायचीही?

वाफगाडी (बर्मिंगहॅम)
वेल्सच्या किनाऱ्यावर टाउइन नावाचं गाव आहे. तिथून डोंगराकडे साधारण पावणेबारा किलोमीटरची नॅरोगेज जाते, ती टॅलिथ्लिन रेल्वे. १८६० च्या दशकात पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी टाकलेली. १९४६ मध्ये खाण ढासळून बंद पडली, तरी मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी 'मी आहे तोवर गाडी चालेल' हा शब्द पाळला. १९५० मध्ये ते गेले. त्याच ऑक्टोबरात टॉम रोल्ट आणि काही रेल्वेवेडी मंडळी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात जमली आणि १४ मे १९५१ ला त्यांनी चालवलेली पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे.

मी तिथे रुळांच्या टोळीत काम करतो. काही जणांचं म्हणणं असतं की जे जसं होतं तसंच ठेवा, हात लावू नका. मला हे अजिबात पटत नाही. गाडी चालती ठेवली तरच ती जपली, आणि चालती ठेवायची तर सुधारणा करावीच लागते.

१९५१ मध्ये जवळच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना घेतली होती. त्यातलं एक इथल्या रुळांवर चढवलं, तर चाकं रुळांच्या मधे खाली घसरू लागली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ३ इंच, पण रूळ अर्धा इंच जास्त रुंद टाकलेले! 'टॅलिथ्लिन' नावाच्या जुन्या इंजिनाच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर फार, वळणावर ते अडकू नये म्हणून मुद्दाम तसं केलेलं. टॅलिथ्लिन रेल्वेच्या स्वतःच्या जुन्या दोन्ही इंजिनांच्या चाकांची धाव (रुळावर टेकणारा पट्टा) रुंद होती, त्यामुळे त्यांचं निभावलं. शेवटी स्वयंसेवकांनी रूळ खऱ्या गेजला आणले आणि टॅलिथ्लिनची मागची चाकं वळणावर थोडी आडवी सरकतील अशी करून घेतली. 'मूळ' म्हणून तो अर्धा इंच जपला असता, तर नवं इंजिन शेडमध्येच उभं राहिलं असतं.

आता दुसरी गोष्ट. विदर्भातली शकुंतला ही नॅरोगेज गाडी बंद आहे. मूर्तिजापूरच्या आसपासचा एखादा तुकडा शिकलेल्या स्वयंसेवकांकडे द्यायला काय हरकत आहे? मतं सांगा. विरोधी असली तर अवश्य सांगा.

कुर्डूवाडीचा_फिटर
हरकत आहे, आणि मोठी आहे. मी रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी केली आहे. वाफेचं इंजिन म्हणजे बॉयलर, बाकी सगळं त्याच्या मागे. गेज ग्लासमधलं (बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं) पाणी खाली गेलं आणि फायरबॉक्सचं, म्हणजे आगीच्या पेटीचं, छत उघडं पडलं की पत्रा तापून मऊ होतो. तिथे शिशाचा प्लग असतो, तो वितळतो आणि वाफ आगीवर येते. तो नीट बसवलेला नसेल तर पुढे काय होतं ते लिहवत नाही. वॉशआउट (बॉयलर आतून धुणं) कधी घ्यायचा, फायरबॉक्सचे पत्रे धरून ठेवणाऱ्या स्टे बोल्टचा आवाज हातोडीने कसा ओळखायचा, हे शनिवार-रविवारच्या हौसेने येत नाही. आमच्या उस्तादांनी आम्हाला वर्षानुवर्षं नुसत्या बॉयलरमधल्या धुराच्या नळ्या, ट्यूब, साफ करायला लावल्या होत्या.

वाफगाडी
काका, तुमच्या पिढीचं कौशल्य आहे म्हणूनच मी हे लिहितो आहे. तिथेही कुणी थेट ड्रायव्हर होत नाही. आधी क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर, आणि प्रत्येक टप्प्यावर परीक्षा. सकाळी शेडमध्ये पोचलं की क्लीनरचं पहिलं काम राख काढायची, धुराड्याखालचा स्मोकबॉक्स रिकामा करायचा, ट्यूबमधून सळई फिरवायची. काडी ओढायच्या आधी गेज ग्लास बघायचा, आणि काचेवर विसंबायचं नाही, कॉक उघडून पाणी खरंच खालीवर होतंय याची खात्री करायची. बॉयलर तर ठरलेल्या मुदतीने पूर्ण उघडून तपासावा लागतो आणि शिक्कामोर्तब बाहेरचा निरीक्षक करतो.

कुर्डूवाडीचा_फिटर
ही शिस्त असेल तर आदर आहे. पण मग पूर्ण गोष्ट सांगा. कॉरिसच्या दुसऱ्या इंजिनाचं, एडवर्ड थॉमसचं, मोठं काम हन्स्लेट या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात झालं. कारखान्याचे प्रमुख त्या संस्थेचे सभासद होते म्हणून ते फुकट झालं. १९५३ मध्ये रुळांचा एक भाग टेरिटोरियल आर्मीच्या जवानांनी टाकून दिला. रोल्ट स्वतः मॅनेजर होते. मागे कारखाना आणि फौज असेल तर स्वयंसेवकांचं भागतं. आपल्याकडे नॅरोगेजच्या इंजिनाचे सुटे भाग कोण ओतून देणार?

नंदा_मूर्तिजापूर
माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कुणी मांडला नाही म्हणून लिहिते. शकुंतला आमच्यासाठी हौस नव्हती. यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गांवर कमी पैशात प्रवास करणारी माणसं होती, शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बाया. मँचेस्टरला बनलेलं तिचं इंजिन १९२३ पासून धावलं, १९९४ मध्ये डिझेल आलं आणि पुढे गाडीच थांबली. आम्हाला ब्रॉडगेज हवी आहे, रोजची, वेळेवरची. तिच्या जागेवर सुट्टीच्या दिवशी शहरातून येणाऱ्यांसाठी धूर सोडणारी गाडी फिरवाल, तर सरकार म्हणेल, 'गाडी दिली की तुम्हाला.' दादा, तुमच्या टाउइनला खाण गेली, मग पर्यटक आले. आमच्याकडे कापूस अजून आहे, माणसं अजून आहेत.

वाफगाडी
नंदाताई, ब्रॉडगेजची मागणी शंभर टक्के रास्त आहे, ती अडवून वारसागाडी नकोच. मी बोलतो आहे ते ब्रॉडगेज झाल्यावर जी जुनी लाइन उखडून भंगारात जाईल तिच्याबद्दल. बार्शी लाइट रेल्वेचं काय झालं? एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली, अडीच फुटी गेज काय करू शकतं हे दाखवून देणारी लाइन. ब्रॉडगेज झाली, चांगलंच झालं. पण दोन-चार किलोमीटर जुनी लाइन चालती ठेवायला हवी होती.

अनिकेत_पुरातन
मी धाग्याच्या पहिल्या भागाला विरोध करतो. 'सुधारणा' या नावाखाली काहीही खपतं. याच एडवर्ड थॉमसवर १९५८ मध्ये गीझल इजेक्टर, म्हणजे धूर ओढून घेणारी वेगळ्या घडणीची यंत्रणा, बसवला, कोळसा वाचेल म्हणून. धुराड्याचा आकारच बदलला. १९६९ मध्ये काढून टाकला, कारण फरक जाणवला नाही. म्हणजे इतकी वर्षं लोकांनी जे इंजिन पाहिलं ते ना कॉरिसचं, ना कारखान्याचं. चाकं बदला, बॉयलर नवा घाला, फ्रेमची डागडुजी करा, मग उरतं काय? नावाची पाटी? वस्तू हा पुरावा असतो. माथेरानचं ७४० नंबरचं इंजिन आज इंग्लंडमध्ये आहे. ते चालावं यापेक्षा त्याचं १९०७ चं मूळ लोखंड शाबूत राहावं, असं मला मनापासून वाटतं.

वाफगाडी
अनिकेत, गीझलचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. लावून पाहिला, उपयोग दिसला नाही, काढला, आणि नोंद राहिली. चालत्या इंजिनाच्या बाबतीत हेच अपेक्षित आहे. झिजणं हा त्याचा धर्म. एकेकाळी ज्या फिटरने बेअरिंग बदललं त्याने वारसा बिघडवला नव्हता. काच लावून ठेवलेल्या इंजिनावर कुणी फायरमन तयार होत नाही, आणि ती विद्या एकदा गेली की पुस्तक वाचून परत येत नाही. पुराव्याचं म्हणाल तर एखादं इंजिन न चालवता जसंच्या तसं ठेवा, माझी ना नाही. सगळीच तशी ठेवू नका.

सायली_प
कोळशाचं काय? वेल्समधली फॉस-इ-फ्रान खाण २०२३ मध्ये बंद झाली, वाफेच्या गाड्यांना लागणारा चांगला कोळसा तिथून यायचा. आता लांबून आणायचा आणि हौसेसाठी जाळायचा, हे मला पटत नाही.

वाफगाडी
मोजक्या गाड्यांचा धूर शहराच्या एका चौकापुढे फार नाही, पण आयातीची अडचण खरी आहे. पर्यायी इंधनाचे प्रयोग सगळीकडे चालू आहेत. अनिकेतला तेही चालणार नाहीत बहुधा :)

कुर्डूवाडीचा_फिटर
माझा विरोध कायम आहे, पण एक सुचवतो. इंजिन राहू द्या बाजूला. दोन किलोमीटर रूळ घ्या आणि पोरांना आधी पॅकिंग शिकवा. जॅकने रूळ उचलायचा, स्लीपरखाली खडी दोन्ही बाजूंनी सारखी ठोकायची, गेजपट्टी लावून बघायचं, वर लेव्हल. पावसाळ्यात खचलं की पुन्हा पहिल्यापासून. जी मंडळी दोन पावसाळे टिकतील त्यांना बॉयलर काय असतो ते दाखवायला मी स्वतः येईन. सुट्या भागांचा प्रश्न मात्र अजून कुणी सोडवलेला नाही, त्यावर बोला.

नंदा_मूर्तिजापूर
आणि त्या पोरांत गावातली पोरं किती, त्यांचा दिवसाचा रोज बुडणार त्याचं काय, हेही बोला. पुण्या-मुंबईच्या माणसाला फुकट राबणं परवडतं. आमच्या पोराला रोज द्यावा लागेल, आणि तो देणार असाल तर रूळ ठोकायला मी शंभर जण आणते.