विषय: जुनी एटीव्ही – पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ निघालं, घ्यायची का?

प्रेषक: सामान समिती
मंडळी, तंबू-सामान वाहायला घ्यायची म्हणतोय ती हिरवी एटीव्ही (जाड टायरची, हँडलवाली चारचाकी) शनिवारी दोघं जाऊन पाहून आलो. इंजिन हाताला गार होतं, तरी पहिल्या बटणाला चालू झालं, धूर नाही. टायर जुने आहेत पण चालतील. अडचण एकच: पुढच्या डिफरन्शियलचा (पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) प्लग उघडला तर ऑइल दुधाळ. मालक म्हणतो, बदला की झालं. बुधवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. बजेट सगळ्यांना माहीत आहे, दुसरी फोर-व्हील ड्राइव्ह त्यात बसत नाही. काय करू?

प्रेषक: खजिनदार
नाही म्हणा. जनरेटरच्या वेळीही "छोटंसं काम आहे" हेच ऐकलं होतं, पुढे वर्षभर बिलं भरत बसलो. शिवाय चेसीवरचा नंबर कागदाशी जुळतो का, हे लिहिलंच नाहीत. ते कळेपर्यंत चेक फाडणार नाही.

प्रेषक: काका
कागदांचं खजिनदार म्हणतात ते बरोबर, पण दुधाळ ऑइलवरून लगेच नाही म्हणू नका. इंजिनचं ऑइल तसं असतं तर मीही नको म्हटलं असतं. दुधाळ म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. डिफरन्शियलमध्ये ते जातं असं: चालून तापलेली गाडी गार ओढ्यात घातली की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची नळी (आतली हवा जिथून ये-जा करते ती) चिखलानं बुजलेली असेल तर सीलच्या फटीतून पाणी ओढलं जातं. ते आत किती दिवस पडून होतं, हा खरा प्रश्न. थोडेच दिवस असेल तर नवं ऑइल घालून, जरा चालवून, पुन्हा काढून टाकायचं. असं दोनतीनदा केलं की भागतं. सबंध हिवाळा असेल तर बेअरिंगना गंज धरतो.

ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बोटांनी चोळून बघा. राखाडी मऊ लगदा चालतो, टोचणाऱ्या कपच्या चालत नाहीत. मग पुढचा भाग जॅकवर घ्या, न्यूट्रलमध्ये चाक फिरवा आणि दुसरा हात डिफरन्शियलवर ठेवा. खरखर कानाच्या आधी हाताला कळते. चाक वरखाली धरून हलवूनही बघा.

आणि एअर फिल्टरचा डबा उघडलात का? माझी पहिली गाडी मालकानं धुऊन चकचकीत ठेवली होती. फिल्टरच्या पलीकडे माती होती, ती मी पाहिली नाही. तिनं इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा खाल्ल्या.

प्रेषक: माजी सचिव
ही बेल्टवाली, म्हणजे इंजिनची ताकद बेल्टनं पुढे जाते. तशी नकोच. होंडाच्या रँचरला बेल्ट नसतो, गिअर असतात. तंबूचं ओझं घेऊन सावकाश चढ चढायचा तर बेल्ट घसरून जळतो. मागेही मी हे सांगितलं होतं.

प्रेषक: काका
लोक हाय रेंजमध्ये (वेगाच्या गिअरमध्ये) ट्रेलर ओढतात म्हणून जळतो. लोमध्ये (सावकाश, जास्त जोराच्या गिअरमध्ये) टाकून चालवला तर टिकतो.

प्रेषक: माजी सचिव
चालवणारे दरवेळी वेगळे असतात, काका. लोमध्ये टाकायचं कोण लक्षात ठेवणार?

प्रेषक: वहिनी
लो-हाय ठरेल, पण मुलांना फेऱ्या मारायच्या असं कुणीतरी म्हणाल्याचं ऐकलं. गाडीवर स्टिकरच असतं: १६ वर्षांखालच्यांनी चालवायची नाही, मागे कुणाला बसवायचं नाही. चालवणारा चढावर पुढे झुकतो, वळणावर आत झुकतो, तोल त्यावरच असतो. मागे माणूस बसला की ते जमत नाही आणि गाडी उलटते. सामानासाठी घेतोय, सामानासाठीच वापरायची. माझ्या पुतण्याचा खांदा अजून नीट वर जात नाही.

प्रेषक: खजिनदार
वहिनींशी सहमत. किल्ली माझ्याकडे राहील.

प्रेषक: सामान समिती
किल्ली समितीकडे राहते, ते बैठकीत ठरलंय. काल पुन्हा गेलो. चुंबकावर लगदाच होता, खरखर नाही. फिल्टरच्या पलीकडे स्वच्छ. फोर-व्हील लावून मऊ मातीत नेली, पुढची चाकं ओढतात. ब्रीदरची नळी मात्र पूर्ण बुजलेली, काका म्हणाले तसंच. उजवं चाक हलतंय, बॉल जॉइंट (चाकाला धरणारा सांधा) गेलाय. तेवढे पैसे मालकानं कमी केले. नंबर जुळतो, फोटो खजिनदारांना पाठवलाय. लो रेंजचा कागद हँडलजवळ चिकटवतो. रविवारी आणायची आहे, रॅम्पवाला ट्रेलर कुणाचा मोकळा आहे?