कोल्हा आणि द्राक्षे: इंग्रजी भाषांतर कोणतं घ्यावं?

प्रश्न: कोल्हापुरात आठवीच्या वर्गाला इसापची ही गोष्ट इंग्रजीतून वाचून दाखवायची आहे. मुळाजवळचं भाषांतर कसं ओळखायचं?

उत्तर १: ताई, शीर्षकावरून शोधू नका, ते पुस्तकागणिक बदलतं. पेरी क्रमांक १५ बघा (पेरी या अभ्यासकाने इसापच्या गोष्टींना दिलेले क्रमांक). ग्रीक गद्य अगदी त्रोटक आहे: भुकेला कोल्हा, झाडावर चढवलेल्या वेलीचे घड, ते हाती न लागणं, ‘कच्ची आहेत’ म्हणत निघून जाणं. टाउनसेंडच्या १८६७च्या भाषांतरात द्राक्षं पिकलेली, काळी आहेत. गद्यात हे नाही. बाब्रिअस या प्राचीन कवीने याच गोष्टी ग्रीक पद्यात लिहिल्या, त्याच्या पद्यात मात्र वेल काळी, फळ पिकलेलं.

उत्तर २: लॉरा गिब्जचं २००२चं इंग्रजी भाषांतर घ्या ताई, त्यात पेरी क्रमांक छापलेत, जुळवणी सोपी जाते. तात्पर्य झाकून गोष्ट वाचा. ते आधी कळलं की मुलं कोल्ह्याकडे बघतच नाहीत.

प्रश्नकर्ती: टाउनसेंड आणि गिब्ज, दोन्ही पाठ शेजारी छापून देते.