मदत हवी आहे: आजींच्या चहाला नाही कसं म्हणायचं?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत यूटा राज्यात प्रोव्होला राहते. शेजारच्या मॉर्मन (ख्रिस्ती परंपरेतला एक पंथ) कुटुंबातला मुलगा दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, न्यू जर्सीत आहे. दर आठवड्याला तो घरी पत्र पाठवतो आणि त्याची आई मला वाचून दाखवते. कुणी दारच उघडलं नाही, कुणाच्या अंगणातला बर्फ उपसला, सगळं त्यात असतं. माझा धर्म वेगळा, पण त्या पोराची चिकाटी बघून भरून येतं.

या वेळी तिथल्या एडिसन गावच्या एका मराठी आजी-आजोबांबद्दल लिहिलं होतं. दोघा मिशनऱ्यांनी (ते कायम जोडीनेच फिरतात) त्यांचं कपाट वरच्या मजल्यावर चढवलं. आजींनी आल्याचा चहा टाकला. चहा-कॉफी या पोरांना धर्माने वर्ज्य. नाही म्हटल्यावर आजींचा चेहरा पडला. पोराच्या मनाला ते फार लागलंय.

त्याला पाठ करता येईल असं एखादं सोपं, आपुलकीचं मराठी वाक्य सुचवाल का? ‘आजी, चहा चालत नाही, पण तुमच्या हातचं दुसरं काहीही द्या’ हे बरं वाटतं का? चहाऐवजी कोकम सरबत, पन्हं मला सुचलं. पण थंडीत गरम काय मागावं? सोमवारच्या आत कळवा, प्लीज.