नवरा गावाला, शनिवार-रविवार मोकळा: मुंबईत दोन दिवस कसे घालवू?

रिकामटेकडी
पुढच्या शनिवार-रविवारी नवरा गावी जातोय. मी कांजूरमार्गला राहते, गाडी नाही. मॉल नको, मैत्रिणींचा गट नको, एकटीनेच फिरायचंय. फोर्टातल्या जुन्या इमारती नीट बघायच्यात, एक मराठी नाटक आणि एक वेळ घरी बोंबील (घरात एरवी मासे शिजत नाहीत). दोन दिवसांत हे सगळं कसं बसवू? खर्च तीन हजारांच्या आत असावा.

धीमी लोकल
आधी रविवारचं बघा. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी मार्ग बंद) साधारण अकरा ते चार असतो आणि तुमच्या बाजूला तो बहुतेकदा माटुंगा ते मुलुंड लागतो. ब्लॉक जलद मार्गावर असेल तर चिंता नाही. गाड्या धीम्या मार्गावरून येतात, दहा-पंधरा मिनिटं उशिरा, पण सगळीकडे थांबतात. धीम्या मार्गावर असेल तर गाड्या जलद रुळांवरून जातात आणि मग विद्याविहार, कांजूर, नाहूर ही स्थानकं सुटतात, कारण तिथे जलद मार्गाला थांबा नाही. अशा वेळी विक्रोळी किंवा भांडुपला उतरून रिक्षा करायची. कुठला मार्ग बंद आहे ते एक-दोन दिवस आधी रेल्वे जाहीर करते, तेवढं वाचून ठेवा. थोडक्यात, रविवारी सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत परत, नाहीतर चारनंतरच बाहेर पडा.

तिकीट मोबाईलवर काढणार असाल तर स्थानकात शिरायच्या आधी, रस्त्यावरच काढा. आत फलाटावर उभं राहून कागदविरहित तिकीट निघत नाही. ऐन गाडी समोर असताना लोकांना हे कळतं.

गिरगावकर
फोर्टासाठी रविवारची सकाळच. रस्ते रिकामे, हॉर्न नाहीत, मान वर करून चालता येतं. शनिवारी दुपारी हे सुख नाही.

सूर्यघड्याळ
गिरगावकर, गर्दीचं पटतं, पण उजेडाचं काय? ओव्हल मैदानाच्या पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट. त्यांची तोंडं पश्चिमेला. सकाळी सूर्य त्यांच्या मागे असतो, त्यामुळे दगड काळा दिसतो आणि कोरीवकाम काहीच कळत नाही. मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग, ती पूर्वाभिमुख, म्हणजे सकाळी झगझगीत. युनेस्कोने २०१८ साली या दोन्ही बाजू मिळून एकच वारसास्थळ जाहीर केलं, पण एकाच वेळी दोन्ही नीट दिसत नाहीत.

म्हणून दोन भाग करा. विद्यापीठ-हायकोर्टाची बाजू, म्हणजे गॉथिक (टोकदार कमानींची शैली), शनिवारी दुपारी चार ते साडेपाच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, शेवटच्या तासात तो पिवळा दगड उजळून निघतो. सीएसएमटीचं तोंडही पश्चिमेकडेच, तेही याच वेळेत. समोर महापालिकेच्या बाजूला बघण्यासाठी सज्जा केलाय, तिथून घुमटावरची मशालवाली बाई पूर्ण दिसते. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. सीएसएमटी आणि महापालिका, दोन्ही इमारती एकाच वास्तुविशारदाच्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या.

आर्ट डेको रविवारी साडेसात ते साडेनऊ. चर्चगेटला इरॉसपासून (१९३८) सुरुवात करून ओव्हलच्या कडेने दक्षिणेला चालत जा. एम्प्रेस कोर्ट, कोर्ट व्ह्यू, रज्जब महल अशी नावं लागतील. नावांची अक्षरंच आधी बघा, प्रत्येकाचं वळण वेगळं आहे. मग खिडक्यांवरून पुढे आलेले पातळ वळणदार छज्जे बघा. पावसाची झड आणि दुपारचं ऊन अडवायला ते आहेत, पण इमारतीला भुवया असल्यासारखे दिसतात. गॅलरीचे कठडे जहाजासारखे, जिन्याला गोल खिडक्या. या लोकांच्या राहत्या सोसायट्या आहेत, फाटकात शिरून जिन्याचे फोटो काढू नका, वॉचमन हाकलतो आणि ते बरोबरच आहे. रविवारी मैदानात एकाच वेळी चार-पाच क्रिकेटचे सामने चालू असतात, मधल्या वाटेवरून जाताना चेंडूवर लक्ष ठेवा. मरीन ड्राइव्हच्या इमारती मात्र समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला बघतात. सकाळी त्या सावलीत असतात, तिथे उगाच जाऊ नका.

गिरगावकर
उजेडाचा मुद्दा मान्य. मग शनिवारी सकाळ मोकळी राहते, ती संग्रहालयाला द्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. शनिवारी अकरानंतर सहलीचे गट येतात, म्हणून दारात वेळेवर पोचा. सगळं बघायचा हट्ट धरलात तर दोन तासांत पाय बोलू लागतात. सिंधू संस्कृतीचं दालन, मीरपूरखासच्या भाजक्या मातीच्या मूर्ती, अ‍ॅसिरियन राजवाड्यातल्या कोरीव शिळा आणि वरची लघुचित्रं, एवढंच घ्या. लघुचित्रांसमोर जवळचा चष्मा लागतो, विसरू नका. जहांगीर आर्ट गॅलरी शेजारीच आहे, आत जायला पैसे पडत नाहीत.

जेवण शनिवारीच फोर्टात करा. तिथली बरीच हॉटेलं ऑफिसवाल्यांच्या जिवावर चालतात आणि रविवारी बंद असतात. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे इराणी हॉटेल (१९२३ पासूनचं) दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे. बेरी पुलावाची प्लेट एकटीला जड होते, उरलेला बांधून घ्या. एकटं माणूस असलं की दुसऱ्याच्या टेबलावर बसवतात. इराण्याकडे ती रीतच आहे, अवघडून जाऊ नका.

मधली रांग
नाटकाचं मी सांगतो. एकट्या माणसाला नाटकाला जाण्यासारखं सुख नाही, कारण लोक जोडीने तिकिटं काढतात आणि चांगल्या रांगांत एकेक खुर्ची सुटी उरते. हाऊसफुल्लच्या जवळ आलेल्या प्रयोगालासुद्धा तिसऱ्या-चौथ्या रांगेत अशी खुर्ची सापडते. बुकमायशोवर नकाशा उघडून दोन भरलेल्या खुर्च्यांमधली रिकामी शोधा. तिथे दिसत नसेल तर थिएटरच्या खिडकीवर विचारा. प्रयोगांच्या जाहिराती पेपरात येतात, वेळ तिथूनच पडताळून घ्या, ऐन वेळी प्रयोग बदलतात.

तुम्हाला दादरचं शिवाजी मंदिर सोयीचं. ओव्हलवरून साडेपाचला निघून हुतात्मा चौक किंवा चर्चगेटला भुयारी मेट्रो पकडा, दादरला उतरा. मेट्रोचं दादर स्थानक सेनाभवनच्या बाजूला आहे, रेल्वे स्थानकाला लागून नाही, हे लक्षात ठेवा. खाली रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिकीट वर असतानाच मोबाईलवर घ्या. खायला ‘आस्वाद’ हॉटेल तिथून जवळ, ‘प्रकाश’ जरा पुढे. नाटकाआधी थालीपीठ किंवा साबुदाणा वडा आणि पीयूष, बस्स. भरपेट जेवून आठच्या प्रयोगाला बसलात तर दुसऱ्या अंकात डोळे मिटतात. शनिवारी संध्याकाळी दोन्हीकडे नाव लिहून उभं राहावं लागतं, एकट्याचा नंबर मात्र लवकर लागतो.

पृथ्वी थिएटरही चांगलं, पण तिथे खुर्चीला नंबर नसतो, रांग लावावी लागते आणि उशीर झाला की आत सोडतच नाहीत. जुहूवरून रात्री कांजूर गाठणंही कटकटीचं.

धीमी लोकल
नाटक सुटल्यावर दादर स्थानकापर्यंत दहा मिनिटं चालत. कांजूरला धीमीच लागेल, जलद थांबत नाही. महिला डब्यावर ‘२४ तास’ लिहिलंय का ते बघून चढा, काही महिला डबे ठरावीक वेळेपुरतेच राखीव असतात. रात्री महिला डब्यात पोलीसही असतो.

फिरस्ती
ऐरोलीला फ्लेमिंगो?

सूर्यघड्याळ
डिसेंबरात नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त पक्षी असतात, शिवाय बोटीची वेळ भरतीवर ठरते.

सुरमई
आता मुख्य विषय. बोंबील रविवारीच घ्या, फोर्टातून परत येताना, साडेदहाच्या आत. मार्गशीर्ष पाळणारे घेत नाहीत, त्यामुळे डिसेंबरात बाजारात जरा हातपाय हलवायला जागा असते. बोंबील गुलाबीसर, चकचकीत आणि उचलल्यावर थोडा तरी ताठ हवा. पिवळट आणि लोंबकळणारा नको. एकटीला मध्यम आकाराचे चार पुरतात. कोळणीकडूनच डोकं काढून, पोटाकडून चिरून उघडे करून घ्या. मधला काटा राहू द्या, मऊ असतो.

बोंबलात पाणी फार, सगळी गोची तिथेच होते. अर्धा चमचा मीठ लावून दोन स्वच्छ फडक्यांमध्ये पसरा, पाटाखाली एका बाजूला काहीतरी लावून उतार द्या आणि वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा. अर्धा तास. फडकं चिंब होतं. ही पायरी गाळलीत तर तव्यावर बोंबील तळला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो आणि उलटताना तुटतो.

मग पाव चमचा हळद, चमचाभर तिखट, चमचाभर आलं-लसूण वाटण, चमचाभर आगळ (कोकमाचा रस). पुन्हा मीठ नको. दहाच मिनिटं मुरवा, जास्त ठेवलंत तर परत पाणी सुटतं. तीन चमचे तांदळाचं पीठ आणि एक चमचा बारीक रवा एकत्र करून तव्यावर टाकायच्या क्षणी घोळवा. आधी घोळवून ठेवलेलं पीठ ओलं होऊन गळून पडतं. दोन मोठे चमचे तेल, तवा चांगला तापलेला. एका बाजूला तीन-चार मिनिटं हात लावू नका. कड तांबूस झाली की तो आपोआप सुटतो, मग उलटा. झाकण अजिबात नाही.

रिकामटेकडी
सगळ्यांचे आभार, आराखडा जुळला. एकच शंका. रविवारी संध्याकाळी नवरा परत येतोय, वासाचं काय?

सुरमई
घाण आणि काटे पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी कचरेवाला आला की द्या. तव्याला कोरडं बेसन चोळून मग गरम पाण्याने धुवा. फडकी लगेच साबणाच्या पाण्यात टाका, वास तव्यापेक्षा फडक्यांनाच जास्त राहतो.

धीमी लोकल
आणि नवऱ्याची गाडी दादरला उतरत असेल तर त्यालाही ब्लॉक कळवा. चारला संपतो म्हणतात, पण गाड्या सुरळीत व्हायला पाच वाजतात.