मदत हवी आहे: एकाच खात्याचा कोड दोन फोनवर कसा घ्यायचा?
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, विद्यापीठातल्या एका विभागात नोकरीला आहे. विभागाचं ईमेल खातं मी आणि आमचे सर मिळून बघतो. गेल्या महिन्यात त्याला टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड टाकायचा) लावलं आणि तो कोड सरांच्या मोबाईलवर मेसेजने येऊ लागला. सर गगनबावड्याकडचे. पावसात गावी गेले की रेंज नाही, आणि इथं पोरं ताटकळत बसतात. परवा एका मुलीची अर्जाची मुदत हुकता हुकता राहिली. जिवाला फार लागलं.

ऑथेंटिकेटर ॲपचा कोड दर ३० सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही, एवढं कळलंय. मग सेटअपचा क्यूआर कोड दोघांनी तिथंच स्कॅन केला तर दोन्हीकडे तेच ६ आकडे येतील ना? आणि उद्या एकाचा फोन हरवला तर तेवढाच बंद करता येतो, की सगळं नव्याने करावं लागतं? सर म्हणतात क्यूआरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक. मला ते अजिबात पटत नाही, तो फोटो ज्याच्या हाती पडेल त्याच्याकडेही कोड येणार. बॅकअप कोड (फोन हाताशी नसेल तेव्हा वापरायचे) कागदावर लिहून कपाटात कुलपात ठेवले तर चालेल?

सर सोमवारी येतायत, त्याआधी कुणीतरी सांगा.