मदत हवी आहे: स्लोव्हेनियातला बोहिन तलाव, आईबाबांसोबत, गाडी न घेता

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आईबाबांना घेऊन स्लोव्हेनियाला जातोय. जवळच्या प्रसिद्ध ब्लेड तलावाला सगळेच जातात, पण आम्हाला राहायचंय बोहिनला, ज्यूलियन आल्प्सच्या कुशीत. गर्दी कमी, आणि आजूबाजूला अजून शेतीवाडीची गावं.

बाबांना जुन्या वास्तूंचं भारी वेड. तलावाच्या काठावर, दगडी पुलाशेजारी सेंट जॉनचं मध्ययुगीन चर्च आहे. आतल्या भित्तिचित्रांत बायबलमधल्या काईनच्या (भावाचा खून करणारा) खांद्यावर पांढरा सैतान बसलाय, तो त्यांना बघायचाच आहे. स्तुदोर गावातले तोपलारही बघायचेत: गवत वाळवायच्या दुहेरी लाकडी मांडण्या, वर छप्पर. आपल्याकडच्या कोकणी माणसाला पावसात वैरण सांभाळणं म्हणजे काय ते लगेच कळेल!

आईचे गुडघे दुखतात. सावित्सा धबधब्याला पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, म्हणून तो तिच्यासाठी बादच. त्याऐवजी तलावाजवळच्या व्होगेल डोंगराचा रोपवे (वरचं स्थानक साधारण १५०० मीटरवर) आणि तलावाच्या एका टोकाच्या रिबचेव लाझ गावातून दुसऱ्या टोकाच्या उकांत्सपर्यंत बोट, एवढं एका दिवसात निवांत होईल का?

राहायला रिबचेव लाझ बरं की शेजारचं स्तारा फुझिना गाव? राजधानी लुब्लियानाहून थेट बस घ्यावी, की येसेनित्से स्टेशनवर ट्रेन बदलून १९०६ च्या जुन्या रेल्वेमार्गाने तलावाजवळच्या बोहिन्स्का बिस्त्रित्सा स्टेशनपर्यंत जावं? बॅगा दोन मोठ्या आहेत.

आणि चर्च आतून कधी उघडं असतं? आम्ही शाकाहारी आहोत, तेव्हा चीजच्या श्त्रुक्लींशिवाय (सारण भरून गुंडाळलेल्या पिठाच्या वळकट्या) काय मिळतं, तेही सांगा.