मदत हवी आहे: कॅच की बंप बॉल (बॅटला लागून लगेच जमिनीवर आपटून उडालेला)? लेग अंपायरला (बॅट्समनच्या टोकाला बाजूने उभा असतो त्याला) कधी विचारायचं?

प्रश्न: मैदानातली मॅच, अंपायर दोनच, कॅमेरा नाही. यॉर्कर (पायाशी पडलेला बॉल) बॅट्समनने खणून काढला, बॉल उडून सरळ बोलरच्या हातात. बोलरच्या पाठीमुळे त्याच्या टोकाच्या अंपायरला टप्पा दिसलाच नाही. अपील जोरात. थेट नॉट आउट द्यायचं की पार्टनरला, म्हणजे लेग अंपायरला विचारायचं? विचारलं की ‘याला दिसत नाही’ अशी बोंब होते. एलबीलाही (पायचीत) विचारता येतं का?

गल्लीपॉइंट: विचारायचंच. नियम ३१.६ प्रमाणे शंका असेल आणि पार्टनरला जास्त नीट दिसलं असण्याची शक्यता असेल, तर विचारणं बंधनकारक आहे. बोंब होऊ दे. मात्र ‘आउट का?’ असं विचारू नका. ‘बॅटला लागल्यावर टप्पा पडला का?’ एवढंच. निर्णय तुमचाच. तरीही शंका उरली तर नॉट आउट.

लेगवरून बॉलचा मार्ग आडवा दिसतो: खाली आपटून वर आला की बॅटवरूनच उडाला. बॅट्समनचं पॅड आड आलं असेल तर पार्टनरने सरळ ‘दिसलं नाही’ म्हणावं. अंदाज सांगणारा पार्टनर सगळ्यात धोकादायक.

एलबीची लाइन समोरूनच कळते, तिथे लेगवाला काय सांगणार? किपरकडे गेलेल्या कॅचला मात्र बॉल हातात पोचला की आधी टेकला, हे जरूर विचारा. बॅटची कड लागली का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

पांढरा कोट: टॉसआधीच खुणा ठरवा, एक ‘टप्पा पडला’ची, एक ‘दिसलं नाही’ची. नुसत्या नजरेने काम भागलं तर चालत जायची गरज नाही. जावंच लागलं तर आधी बॉल डेड होऊ द्या (त्या बॉलचा खेळ संपू द्या), नाहीतर तुम्ही निघालात आणि मागे रनआउटचं अपील. फिल्डर आणि कॅप्टन लांब ठेवा.

प्रश्नकर्ता: आणि घाईत बोट वर गेलं असेल तर?

गल्लीपॉइंट: नियम २.१२ प्रमाणे निर्णय बदलता येतो, पण तत्परतेने. दोन ओव्हरनंतर नाही. स्टंपिंग, हिटविकेट आणि किपरच्या टोकाचं रनआउट लेगवाल्याच्याच अखत्यारीत. तिथे तो बोट वर करेल, तुम्ही मध्ये पडू नका. एकाच बॉलला कॅच आणि स्टंपिंग दोन्ही असेल तर आधी तुम्ही कॅचचं उत्तर द्या. कॅच असेल तर स्कोअरबुकात कॅचच लागतो.